इंग्रजीच्या तासाची पहिली दहा मिनिटं

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात नांदगाव पेठ येतं. जुनं गाव, भोवती सोयाबीन, तूर, कपाशी, आणि गावाला लागून पसरत गेलेली एमआयडीसी. रेमंडसारख्या कंपन्यांचे कापड कारखाने इथे आहेत. १३५० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. पीएम मित्र योजनेतल्या सुमारे एक हजार एकरांच्या वस्त्रोद्योग पार्कचं भूमिपूजन २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमातून झालं, ते याच परिसरासाठी. या गावातली आणि आजूबाजूच्या खेड्यांतली बरीच माणसं शेतातून कंपनीत गेली. त्यांची मुलं आज मराठी माध्यमाच्या हायस्कुलात आठवी-नववी-दहावीला बसली आहेत.

कंपनीच्या गेटच्या आत गेलं की बहुतेक कागद इंग्रजीत असतो. यंत्रावरची सूचना, सुरक्षिततेचा फलक, पगाराची स्लिप, कामावर घेताना सही करायचा अर्ज. गावातल्या कृषी केंद्रात मिळणाऱ्या औषधाच्या डब्यावरही मोठी अक्षरं इंग्रजीच. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या प्रकरणाची कारणं अनेक होती आणि वाचता न येणं एवढ्यावर ते नेऊन बसवणं अन्यायाचं होईल. तरीही डब्यावर काय लिहिलं आहे ते घरातल्या दहावीच्या पोराला वाचून सांगता यावं, एवढी अपेक्षा शाळेकडून करायला हरकत नाही.

महाराष्ट्रात जून २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवलं जातं. म्हणजे दहावीला बसलेल्या मुलाच्या पाठीशी इंग्रजीची दहा वर्षं असतात. एवढ्या वर्षांनंतर त्यातल्या किती जणांना अनोळखी इंग्रजी मजकुराचं एक पान कोणाच्या मदतीशिवाय वाचून समजतं? २०२३ च्या ‘असर’ पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयोगटातल्या मुलामुलींना इंग्रजीची साधी वाक्यं वाचायला दिली होती. ती ५७.३ टक्क्यांना वाचता आली, आणि ज्यांना वाचता आली त्यांच्यातल्याही सुमारे तीन चतुर्थांश मुलांनाच अर्थ सांगता आला. वाक्यं अगदी छोटी, रोजच्या व्यवहारातली होती. या भागात इंग्रजी शिकवताना मी जे पाहत आलो, ते या आकड्यांपेक्षा वेगळं नाही.

मुलांचं डोकं कमी पडतं म्हणून असं होत नाही. इंग्रजीच्या तासाला मुलं जे करतात त्यात वाचन आणि लेखन जवळपास नसतंच, म्हणून होतं.

तो तास कसा चालतो ते सांगतो. सर किंवा मॅडम धड्यातलं एक वाक्य मोठ्यानं वाचतात आणि लगेच त्याचा मराठी अर्थ सांगतात. मग दुसरं वाक्य, दुसरा अर्थ. वर्ग शांत बसून ऐकतो. मुलांच्या कानावर पडते ती गोष्ट मराठीतली असते. इंग्रजी वाक्य मधून नुसतं वाजून जातं. मग धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं फळ्यावर येतात, मुलं ती वहीत उतरवतात. अक्षर सुंदर असतं. वह्या तपासल्या जातात, लाल सही होते. पण त्या वहीतलं एकही वाक्य मुलाच्या मनातून आलेलं नसतं.

आणि मुलांची पाठ्यपुस्तकं उघडून पाहावीत. इंग्रजी ओळीच्या वर पेन्सिलनं बारीक देवनागरीत उच्चार लिहिलेले असतात, ओळीमागून ओळ, पानामागून पान. ज्याला तेवढाही वेळ नाही तो गाईड घेतो. त्यात उच्चार छापूनच येतात. उभं राहून वाचायला सांगितलं की मूल ती देवनागरी ओळ वाचतं. ऐकणाऱ्याला वाटतं, इंग्रजी वाचतंय. मुलाची नजर मात्र इंग्रजी अक्षरांवर टेकलेलीच नसते. या पेन्सिलीबद्दल मुलांवर रागावू नये. समोर आलेल्या संकटातून त्यांनी स्वतः शोधलेली ती वाट आहे. शिक्षकानं तिच्यातून एवढंच ओळखायचं, की हे पुस्तक या मुलाला आज वाचण्याजोगं नाही.

न्यूझीलंडचे भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी यावर बरंच काम केलं आहे. त्यांच्या सन २००० मधल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा, की कोणाच्या मदतीशिवाय, आनंदानं वाचायचं तर मजकुरातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत. शंभर शब्दांत दोन अडले तर चालतात. ‘माय इंग्लिश कोर्सबुक’चं दहावीचं पान या मुलांपुढे ठेवलं तर बऱ्याच जणांना एका ओळीतच दोन शब्द अडतात. पाठ्यपुस्तक वाईट आहे असं नाही. शिक्षकाबरोबर वाचण्यासाठी ते ठीक आहे. पण स्वतःच्या स्वतः वाचायला दुसरं काहीतरी सोपं हवं, आणि ते रोज हवं.

इथे फिजीची गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडून गिरमिटिया म्हणून गेलेल्या मजुरांची नातवंडं-पतवंडं जिथे राहतात, तो पॅसिफिकमधला बेटांचा देश. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई या दोघांनी तिथल्या ग्रामीण शाळांमधला प्रयोग १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या शाळांत पुस्तकं जवळपास नव्हती अशा आठ शाळांमधली चौथी-पाचवीची ३८० मुलं त्यांनी घेतली. इंग्रजी ही त्यांची घरची भाषा नव्हती. वर्गात अडीचशे सचित्र गोष्टींची पुस्तकं ठेवली आणि मुलांनी ती रोज वाचावीत अशी व्यवस्था केली. काही वर्गांत मुलं मूकपणे वाचायची, काही वर्गांत शिक्षक मुलांना जवळ घेऊन वाचायचे. तुलनेला नेहमीचं, रचनांची घोकंपट्टी करवणारं इंग्रजी शिकणारे वर्ग होते. पुस्तकं मिळालेल्या मुलांचं वाचून आणि ऐकून समजणं नेहमीच्या दुप्पट वेगानं वाढलं. वीस महिन्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा ही वाढ लेखन आणि व्याकरण अशा इतर कौशल्यांतही उतरली होती, आणि ती कौशल्यं वेगळी शिकवलेली नव्हती.

त्याच्याही आधी तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानात, ढाक्यात, मायकेल वेस्ट नावाच्या शिक्षणाधिकाऱ्यानं हाच विचार मांडला होता. बंगालमधल्या द्विभाषिकतेवरचं त्याचं पुस्तक १९२६ चं. शाळेत इंग्रजी शिकणारी बहुतेक मुलं शिक्षण मधेच सोडतात, हे त्यानं पाहिलं होतं. विम्याची पॉलिसी मुदतीआधी मोडली तरी काही रक्कम हाती पडते. तसं शाळा सोडणाऱ्या मुलाच्या हाती त्या दिवशी काय पडतं, असा त्याचा प्रश्न होता. व्याकरणाचे अर्धवट नियम हाती पडले तर त्यांचा काही उपयोग नाही. साधं इंग्रजी वाचता येत असेल तर ते त्याचं स्वतःचं झालं. पुढे शाळा नसली तरी ते वाढत राहतं. म्हणून वाचन आधी. वऱ्हाडातल्या ज्या मुली दहावीनंतर घरी बसवल्या जातात आणि जी मुलं आयटीआय किंवा कंपनीची वाट धरतात, त्यांच्यासाठी शंभर वर्षांपूर्वीचा हा विचार आजही तितकाच खरा आहे.

तर करायचं काय? आपल्या शाळांना रोजचा नेम अनोळखी नाही. परिपाठ कधी चुकत नाही. पाऊस असो, परीक्षा असो, साहेबांची भेट असो, प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बातम्या हे सगळं होतंच, कारण ते दिवसाच्या रचनेतच घातलेलं आहे. कोणी विचारत नाही की आज परिपाठाला वेळ आहे का. इंग्रजीच्या तासाची पहिली दहा मिनिटं वाचनाला आणि शेवटची सात-आठ मिनिटं लेखनाला याच पद्धतीनं बांधून टाकायची. घंटा झाली, मुलं आत आली, पुस्तक उचललं, वाचायला लागली. हजेरी त्या वेळात शांतपणे घ्यायची. सूचना, वर्गणी, सहलीचे पैसे हे सगळं नंतर. आणि शिक्षकानंही खुर्चीत बसून स्वतःचं पुस्तक वाचायचं, कारण मुलं सांगितलेलं कमी आणि पाहिलेलं जास्त उचलतात.

हिशोब करून पाहू. शाळेचे दोनशे दिवस धरले तर रोजची दहा मिनिटं वर्षाला ३३ तास होतात. मिनिटाला पन्नास शब्द एवढ्या संथ वेगानं वाचलं तरी दिवसाला पाचशे आणि वर्षाला एक लाख शब्द मुलाच्या डोळ्यांखालून जातात.

वाचायला द्यायचं काय, हा प्रश्न मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो. दहावीच्या मुलाच्या हातात तिसरीच्या पातळीचं पुस्तक द्यावं लागतं आणि त्याला त्याची लाज वाटते. मिसरूड फुटलेला मुलगा मांजराच्या पिल्लाची गोष्ट वाचताना मित्रांकडे चोरून पाहतो. यावर एक उपाय चांगला चालतो. आठवड्यातून एकदा मोठ्या वर्गातल्या मुलांनी पाचवीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवायची. मग ते सोपं पुस्तक हे त्यांचं काम होतं, जबाबदारी होते, आणि ते चार वेळा मन लावून वाचलं जातं. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संग्रहात २०१५ पासून पातळीनुसार लावलेल्या गोष्टी मोफत मिळतात. कित्येक गोष्टी मराठीतही आहेत आणि इंग्रजीतही. आधी मराठी वाचायची, मग तीच इंग्रजीत. गोष्ट ठाऊक असल्यामुळे शब्द स्वतःहून अर्थ सांगू लागतात. नॅशनल बुक ट्रस्टची पातळ, स्वस्त पुस्तकं आहेत. इंग्रजी वर्तमानपत्रातलं क्रिकेटचं पान आहे. धावफलक मुलांना तोंडपाठ असतो, म्हणून खालची बातमी वाचायला ती घाबरत नाहीत. बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर, मोबाइलच्या खोक्यातली पत्रिका, रेल्वेचं तिकीट, हे सगळं वाचन आहे.

शाळेत पुस्तकं नाहीत असं सरसकट म्हणता येत नाही. पुष्कळ शाळांत ती कपाटात असतात. अर्धवेळ ग्रंथपाल, साठा नोंदवही, पुस्तक हरवलं तर भरपाई कोणाकडून करायची याची भीती. म्हणून कपाटाला कुलूप. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो. २०१५ पासून डॉ. अब्दुल कलामांच्या जन्मदिनी तो राज्यभर साजरा होतो. त्या दिवशी पुस्तकं टेबलावर मांडली जातात, फोटो निघतात, आणि संध्याकाळी पुस्तकं परत आत जातात. दिवस साजरा करणं वाईट नाही, पण मुलाला सोळा तारखेलाही पुस्तक लागतं. वर्षभरात दहा पुस्तकं फाटली तर ती वाचून फाटली असं समजून मुख्याध्यापकांनी सही करावी.

आता लेखन. इथे काम अधिक अवघड आहे. वऱ्हाडातलं मूल घरी ‘मले’ आणि ‘तुले’ बोलतं. शाळेत आलं की ते ‘मला’ आणि ‘तुला’ करून लिहितं. इंग्रजी वाक्य करायचं तर आणखी एक उडी. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याच्या मुलाचा विचार केला तर घरात कोरकू, बाजारात हिंदी, वर्गात मराठी आणि पुस्तकात इंग्रजी. एवढ्या पायऱ्या चढताना मुलाला सांगायचं काय होतं तेच वाटेत सांडतं. म्हणून लेखनाच्या त्या सात-आठ मिनिटांत पहिला नियम असा ठेवायचा, की जे सांगायचं ते आधी. शब्द आला नाही तर मराठीत लिही, वऱ्हाडीत लिही, पण थांबू नको.

“सर, मले इंग्रजीत लेहता येत नाही.”

“येते तेवढं लेह. बाकीचं मराठीत लेह.”

असा संवाद पहिल्या महिन्यात रोज होतो. विषय मुलांच्या अंगणातला द्यावा. आज सकाळी घरात कोण आधी उठलं? पोळ्याला बैल सजवताना तुझं काम काय होतं? एसटी चुकली तर शाळेत कसा येतोस? ‘माझा आवडता नेता’ या निबंधात मुलाचं स्वतःचं काही नसतं. बैलाच्या शिंगांना रंग लावताना हाताला काय झालं, हे त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नसतं.

एका मुलानं वहीत लिहिलं होतं: ‘माय फादर नाइट शिफ्ट. ही स्लीप मॉर्निंग. वी नो नॉइज.’ तीन ओळी. व्याकरणाचा लाल पेन घेऊन बसलं तर प्रत्येक ओळीत चूक सापडेल. पण रात्रपाळीवरून आलेला बाप, सकाळी झोपलेलं घर आणि दबकून वावरणारी लेकरं हे सगळं त्या तीन ओळींत आहे, आणि ते कोणत्याही गाईडात नाही. अशा वहीवर चुका गोल करायच्या नसतात. खाली एक प्रश्न लिहायचा: ‘देन व्हेअर डू यू प्ले?’ दुसऱ्या दिवशी मूल त्याचं उत्तर लिहितं. आपण योग्य रूप वापरून पुन्हा काहीतरी विचारायचं. पाचव्या-सहाव्या उत्तरापर्यंत ‘माय फादर वर्क्स’ हे रूप आपल्या वाक्यातून त्याच्या वाक्यात जातं. सगळ्यांचं एकदम जात नाही, कुणाकुणाचं वर्षभर जात नाही. तरी पानं भरत राहतात, आणि पान भरणाऱ्या मुलाला शिकवता येतं. कोऱ्या पानाला काय शिकवणार?

साठ मुलांच्या वर्गात वह्या कशा वाचायच्या, असं शिक्षक विचारतात आणि ते रास्त आहे. सगळ्या रोज वाचायच्याच नाहीत. रोज पाच. बारा दिवसांत साठ वह्या होतात. प्रत्येक वहीवर एकच प्रश्न आणि फार तर एकच दुरुस्ती. या लेखनाला गुण द्यायचे नाहीत, कारण गुण आले की मुलं पुन्हा शेजारच्याची वही उतरवू लागतात.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी हरकत अभ्यासक्रमाची. ‘पोर्शन’ कधी संपवायचा? विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडते, सण, दिवाळीची सुट्टी, स्नेहसंमेलन, सराव परीक्षा, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड. शिक्षकांची ही घालमेल खरी आहे. पण बोर्डाची इंग्रजीची कृतिपत्रिकाच नीट पाहावी. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी ती ८० गुणांची असते. त्यात धड्याबाहेरच्या, कधी न पाहिलेल्या उताऱ्याला १५ गुण, लेखनकौशल्याला २० आणि भाषांतराला ५ असतात. म्हणजे अर्धे गुण अशा गोष्टींना आहेत, ज्या फळ्यावरची उत्तरं उतरवून येतच नाहीत. पोर्शन संपवण्याच्या घाईत आपण याच चाळीस गुणांची तयारी सोडून देतो. २०१९ मध्ये भाषा विषयांचे अंतर्गत गुण काढल्यावर राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. निकाल सावरला. मुलांच्या वाचनाचं काय झालं, हे विचारायचं राहून गेलं.

आपल्याकडे रोजच्या सरावाची जुनी परंपरा होती. आजोबांच्या पिढीनं तर्खडकरांची भाषांतर पाठमाला रोज थोडी थोडी सोडवून इंग्रजी कमावलं. रेन आणि मार्टिनच्या व्याकरणाची पानं त्यांनी झिजवली. ती पद्धत रूक्ष होती आणि ती जशीच्या तशी परत आणा असं मी म्हणणार नाही. तिच्यात रोजचा नेम होता, आणि मूल स्वतः वाक्य बनवत होतं, हे दोन गुण मात्र आज हरवले आहेत. याच जिल्ह्यातल्या पापळ गावात जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख एडिंबरा आणि ऑक्सफर्डला गेले, वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर त्यांनी इंग्रजीत प्रबंध लिहिला, आणि परत येऊन १९३२ मध्ये अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था काढली, ती शेतकऱ्यांच्या मुलांसाठी. वऱ्हाडी बोलणाऱ्या घरातून इंग्रजीपर्यंत रस्ता जातो, हे इथे कोणाला सिद्ध करून दाखवायची गरज नाही.

अलीकडच्या काळातलं पाहायचं तर फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी उभं केलेलं काम आहे. अमेरिकेत जन्मलेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी भारताचं नागरिकत्व घेतलं आणि प्रगत शिक्षण संस्थेतून वाचन-लेखनाचं शिक्षण हेच आपलं आयुष्यभराचं काम केलं. त्यांच्या कमला निंबकर बालभवनचं माध्यम मराठी. मातृभाषेत अर्थ समजून वाचणारं आणि स्वतःचं लिहिणारं मूल पुढे इंग्रजीतही तसंच वागतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणून नांदगाव पेठच्या मुलांच्या हाती इंग्रजीच्या आधी किंवा निदान बरोबरीनं ‘किशोर’चा अंक असावा. बालभारती तो १९७१ पासून काढते आहे. ज्या घरात मराठी मासिकही येत नाही, तिथल्या मुलाकडून इंग्रजी वाचनाची अपेक्षा करणं त्याच्यावर अन्याय आहे.

शिक्षक एकटा पडतो, हीही अडचण आहे. राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘तेजस’ प्रकल्पात प्राथमिक शिक्षकांचे छोटे गट नियमित भेटत आणि वर्गात काय चाललं, काय फसलं ते एकमेकांना सांगत. या प्रकल्पातली ही एक गोष्ट हायस्कुलाच्या शिक्षकांनी कोणाच्या आदेशाची वाट न पाहता उचलावी. नांदगाव पेठ, माहुली, तिवसा, मोझरी या आसपासच्या गावांच्या शाळांतल्या इंग्रजीच्या शिक्षकांनी महिन्यातून एका शनिवारी दुपारी बसावं. सोबत मुलांच्या चार-चार वह्या आणाव्यात. चर्चेला विषय शोधावा लागणार नाही.

दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू होईल. मुख्याध्यापकांना विनंती आहे, की वेळापत्रक लावताना ही दहा मिनिटं त्यात लिहूनच टाका. पालकांना विनंती आहे, की वहीत चुका दिसल्या म्हणून शाळेत भांडायला जाऊ नका. आधी ते पान वाचा. आणि शाळा समितीला, ग्रामपंचायतीला सांगायचं ते असं. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि शिक्षण त्यात बसतं. अशा कंपन्या आपल्या गावाच्या हद्दीवर उभ्या आहेत. त्यांच्याकडे बाक आणि पाण्याचा कूलर मागतो, तशी या वेळी प्रत्येक वर्गासाठी अडीचशे पातळ, सोपी, मराठी-इंग्रजी पुस्तकं मागा. अर्जासोबत यादी जोडा, आणि पुस्तकं आली की ती वर्गातच, मुलांच्या हाताला येतील अशी, उघडी ठेवा.